ऑनलाइन ट्रेनिंग कोर्स बनवायला सॉफ्टवेअर कुठलं घ्यावं? स्टोरीलाइन, कॅप्टिव्हेट, आयस्प्रिंग की फुकटातलं काही?

पाटीपेन्सिल:

नमस्कार मंडळी, आमच्याकडे ट्रेनिंगचं काम बघणारे आम्ही दोघंच, आजवर सगळं वर्गात बसवून पीपीटी लावून चालायचं. आता वरून फर्मान आलंय की नवीन लोकांचं इंडक्शन, मशीन सेफ्टी आणि डेटा सिक्युरिटी हे तिन्ही ऑनलाइन करा आणि कोण पास झालं, कोणी अर्धवट सोडलं याचा रिपोर्टपण द्या. आयटीवाल्यांनी मूडल टाकून दिलंय, म्हणजे कोर्स ठेवायला जागा आहे, पण तो बनवायचा कशात इथेच गाडी अडलीये.

साहेबांनी कुठेतरी एक डेमो बघितला, त्यात एक कार्टून माणूस हात हलवत बोलतो, ते बघून एकदम खूश, तेव्हापासून "तसलंच घ्या" चालू आहे. मी नेटवर वाचायला बसलो तर डोकं गरगरलं, जिकडे बघावं तिकडे "टॉप टेन" आणि पहिला नंबर ज्याची साइट त्याचाच.

आमची परिस्थिती अशी: माझ्याकडे विंडोज आहे, सहकारी मॅडमकडे मॅक. कोडिंग दोघांनाही शून्य. पीपीट्या ढीगभर पडल्यात. कोर्स बघणारे निम्मे लोक फोनवरून बघणार. पॉलिसी सारखी बदलते त्यामुळे कोर्समध्ये दुरुस्त्या होतच राहणार. आणि पैसे एकदाच मागता येतील, दर वर्षी हात पसरायची सोय नाही.

स्टोरीलाइन, कॅप्टिव्हेट, आयस्प्रिंग ही तीन नावं सगळीकडे दिसतात. कोणी प्रत्यक्ष वापरलंय का? आणि हे स्कॉर्म स्कॉर्म म्हणतात ते नक्की किती मनावर घ्यायचं?

---

बटणबहाद्दर:

मी रोज स्टोरीलाइनमध्येच असतो त्यामुळे माझं मत थोडं एकतर्फी धरा. पीपीटी वापरणाऱ्याला ते परकं वाटत नाही, स्लाइड आहे, लेयर (स्लाइडवर एकावर एक ठेवायचे थर) आहेत, आणि "या बटणावर क्लिक केलं की ते दाखव" असे ट्रिगर यादीतून निवडायचे, कोड लिहावा लागत नाही. मशीन सेफ्टीसाठी तर मस्तच, फोटो टाकायचा, धोक्याच्या जागांवर हॉटस्पॉट ठेवायचे, चुकीच्या जागी क्लिक केलं तर काय होऊ शकतं ते वेगळ्या लेयरवर दाखवायचं. व्हेरिएबल (बघणाऱ्याने काय केलं ते कोर्सने लक्षात ठेवायची सोय) समजले की मग काय वाट्टेल ते करता येतं.

पण तुमच्या दोन गोष्टी आडव्या येतात. एक म्हणजे स्टोरीलाइन फक्त विंडोजवर चालतं, मॅडमना मॅकवर पॅरलल्ससारखं काहीतरी टाकून त्यात विंडोज चालवावं लागेल. दुसरं म्हणजे फोन. स्टोरीलाइनचा प्लेयर फोनच्या मापात बसतो पण स्लाइड तीच राहते, नुसती आकसते, त्यामुळे कंप्युटरवर छान दिसणारा मजकूर फोनवर मुंगीएवढा होतो. त्याच पॅकेजमध्ये राइज नावाचं दुसरं टूल येतं, ते ब्राउझरमध्ये चालतं म्हणजे मॅकचा प्रश्न मिटला, आणि त्यातला मजकूर फोनच्या रुंदीप्रमाणे आपोआप खालीखाली मांडला जातो. इंडक्शन आणि डेटा सिक्युरिटी राइजमध्ये झपाट्याने होईल. दिसायला सगळे कोर्स एकमेकांचे जुळे भाऊ वाटतात तेवढं सोडा.

पैशाचं मात्र, स्टोरीलाइन आणि राइज ज्यात येतात ते आर्टिक्युलेट ३६० हे पॅकेज वर्षाच्या वर्गणीवर आहे. "एकदाच मागता येईल" हे त्याच्याशी जमत नाही.

---

लॉगवाचक:

मूडल सांभाळणं हेच माझं काम आहे, तेव्हा उलट्या बाजूने सांगतो. लोक टूल विकत घेतात, कोर्स बनवतात आणि सगळ्यात शेवटी आमच्याकडे झिप फाइल पाठवतात, "अपलोड करा". मग जे काय रामायण होतं ते माझ्या टेबलावर.

स्कॉर्म मनावर घ्या, पण घाबरू नका. कोर्सने सर्व्हरला कुठल्या शब्दांत निरोप द्यायचा त्याचा हा नियम आहे, अमेरिकन संरक्षण खात्याच्या एडीएल नावाच्या उपक्रमातून आलेला. १.२ हे व्हर्जन २००१ चं, त्यानंतर स्कॉर्म २००४ आलं. पब्लिश करताना, म्हणजे टूलमधून तयार कोर्सची झिप काढताना, तुम्हाला यादीत १.२, २००४ च्या तीनचार आवृत्त्या, एक्सएपीआय, सीएमआय ५, असं सगळं दिसेल आणि साहजिकच माणूस सगळ्यात नवीन दिसतं ते निवडतो. मूडलसाठी निवडायचं ते १.२. मूडल स्कॉर्म २००४ ला नीट सपोर्ट करत नाही, पॅकेज कधी कधी उघडतं, चालतंय असं वाटतं आणि मार्क गायब. हे दर थोड्या दिवसांनी कोणाला तरी नव्याने सांगावं लागतं.

आता १.२ चं दुखणं सांगतो कारण हे कुठल्याच विक्रेत्याच्या डेमोत दिसणार नाही. माणूस कोर्स मध्येच सोडून गेला तर "कुठे होता, काय काय बघितलं, कुठल्या प्रश्नाला काय उत्तर दिलं" हे सगळं कोर्स एका कप्प्यात लिहून ठेवतो, त्याला सस्पेंड डेटा म्हणतात. १.२ मध्ये त्या कप्प्याची मर्यादा ४०९६ अक्षरं. २००४ च्या तिसऱ्या आवृत्तीत ती ६४००० केली. स्टोरीलाइनमध्ये लांबलचक कोर्स केला, प्रत्येक स्लाइडला चार लेयर, मध्ये मध्ये प्रश्न, की हा कप्पा भरतो आणि त्यानंतरचं काहीच सेव्ह होत नाही. लक्षण ठरलेलं: माणूस तक्रार करतो की काल मी शेवटापर्यंत आलो होतो, आज उघडलं तर मधल्याच स्लाइडवर नेऊन सोडतंय. बनवणारा म्हणतो माझ्याकडे चालतंय, कारण तो एका बैठकीत पूर्ण बघतो. मूडलच्या ॲडमिन सेटिंगमध्ये स्कॉर्म स्टँडर्ड मोड नावाचा पर्याय आहे, तो बंद ठेवला तर मूडल १.२ मध्येही जास्त डेटा ठेवू देतं, आयटीला तो बघायला सांगा. पण खरा उपाय म्हणजे कोर्सचे तुकडे करा. मशीन सेफ्टी एकच भलामोठा कोर्स करण्यापेक्षा मशीनप्रमाणे छोटे छोटे करा, दुरुस्ती करतानाही तेच सोपं पडतं.

आणखी एक, रिपोर्टबद्दल. १.२ मध्ये "पूर्ण केलं" आणि "पास झाला" याला एकच खाना आहे, त्यात कंप्लीटेड, पास्ड, फेल्ड, इनकंप्लीट यातलं एकच काहीतरी बसतं. २००४ मध्ये दोन वेगळे केले. तर पब्लिश करताना टूल विचारतं की काय पाठवू, पास्ड आणि इनकंप्लीट, की पास्ड आणि फेल्ड, की कंप्लीटेड आणि इनकंप्लीट. तिकडे तुम्ही पास्ड निवडलं आणि मूडलच्या ॲक्टिव्हिटी कंप्लीशनमध्ये फक्त कंप्लीटेडवर टिक केली, तर माणूस पैकीच्या पैकी मार्क घेऊनही यादीत अपूर्ण दिसतो. मग त्याचा मेल तुम्हाला, तुमचा मला. दोन्हीकडे एकच ठरवा, आणि टूल घ्यायच्या आधी ठरवा.

---

जुनं खोड:

लॉगवाचक यांना +१. त्यात माझी भर म्हणजे सोर्स फाइल.

आमच्याकडे आधी बाहेरच्या एका कंपनीकडून कोर्स करून घेतले होते, नाव घेत नाही. त्यांनी दिली ती फक्त पब्लिश केलेली झिप. नंतर एका स्लाइडवरचा इमर्जन्सी फोन नंबर बदलायचा होता, बस एवढंच. सोर्स मागितला तर म्हणे करारात नाही, वेगळे पैसे पडतील. मग आमच्यातला एक पोरगा झिप उघडून जावास्क्रिप्टच्या फायलींत तो नंबर शोधत बसला. नंबर सापडला, बदलला, परत झिप केली, मूडलने नाकारली. का, तर त्याने फायली झिप करण्याऐवजी बाहेरचं फोल्डर झिप केलं होतं, आणि मॅनिफेस्टची (कोर्समध्ये काय काय आहे त्या यादीची) एक्सएमएल फाइल झिपच्या अगदी पहिल्या पातळीवर असावी लागते, फोल्डरच्या आत गेली की सर्व्हरला दिसत नाही. ते दुरुस्त केलं तर आता स्लाइडवर नंबर नवा आणि आवाजात जुना!

तेव्हा कोणी बाहेरून बनवून देणार असेल तर सोर्स फाइल, आवाजाच्या मूळ फायली, स्क्रिप्ट हे सगळं करारात लिहून घ्या. स्वतः बनवणार असाल तरी टूल घेताना विचारा की वर्गणी बंद केली तर काय होतं. राइजचं काम पूर्ण त्यांच्या क्लाउडवर असतं, तुमच्याकडे सोर्स फाइल अशी नसतेच. आधी पब्लिश करून मूडलवर टाकलेले कोर्स चालत राहतात पण वर्गणी संपली की एक अक्षर बदलता येत नाही. तुमची पॉलिसी सारखी बदलते म्हणताय म्हणून सांगितलं.

कॅप्टिव्हेटबद्दल पण याच अंगाने. हे म्हाताऱ्या घराण्यातलं सॉफ्टवेअर, आधी रोबोडेमो नावाने यायचं, मग मॅक्रोमीडियाकडे गेलं, तिथून ॲडोबीकडे. २०२३ मध्ये त्यांनी ते पूर्ण नव्याने लिहून काढलं. नवीन विंडोज आणि मॅक दोन्हीवर चालतं, फोनवर नीट दिसतं, हे सगळं चांगलं, पण जुन्या कॅप्टिव्हेटचे प्रोजेक्ट नव्यात उघडत नाहीत. ज्यांच्याकडे जुन्याचं कपाट भरलेलं आहे त्यांना जुनं क्लासिक म्हणून बाजूला ठेवावं लागतं. तुम्ही कोरी पाटी घेऊन येताय त्यामुळे तुम्हाला त्रास नाही, पण नेटवरचे धडे बघताना सांभाळा, ढीगभर व्हिडिओ जुन्या व्हर्जनचे आहेत, त्यातली बटणं तुम्हाला स्क्रीनवर सापडणारच नाहीत.

आणि फ्लॅश आठवतं का कोणाला, ब्राउझरमध्ये ॲनिमेशन चालवायचं ते ॲडोबीचं? २०२० संपताना ॲडोबीने सपोर्ट बंद केला आणि जानेवारी २०२१ पासून फ्लॅशचा मजकूर चालायचाच थांबला. आमच्याकडचे जुने कोर्स ज्यांचा सोर्स होता ते एचटीएमएल ५ मध्ये परत पब्लिश झाले, बाकीचे गेले.

---

फुकटेश्वर:

कोणी एच५पी (प्रश्न, व्हिडिओ असले इंटरॅक्टिव्ह प्रकार बनवायचं फुकट टूल) चं नावच काढत नाहीये हे बघून आश्चर्य वाटलं. मूडल आहे ना तुमच्याकडे? मग निम्मं काम आधीच झालंय. मूडल ३.९ पासून, म्हणजे २०२० पासून, एच५पी आतच येतं, वेगळं काही विकत घ्यायचं नाही, ब्राउझरमध्येच बनवायचं त्यामुळे विंडोज मॅक हा वादच नाही.

इंटरॅक्टिव्ह व्हिडिओ हा त्यातला माझा आवडता प्रकार. मशीन सेफ्टीचा व्हिडिओ तुमच्याच शॉपफ्लोअरवर फोनने शूट करा, मग व्हिडिओच्या पट्टीवर पाहिजे तिथे प्रश्न टाका, तिथे आला की व्हिडिओ थांबतो आणि विचारतो "आता हा माणूस गार्ड न लावता मशीन चालू करतोय, यात काय चुकलं?" चुकीचं उत्तर दिलं तर त्याला व्हिडिओत मागे पाठवता येतं. मार्क थेट मूडलच्या ग्रेडबुकात जातात, स्कॉर्मच्या त्या खान्याकप्प्यांची भानगडच नाही. आणि वर सोर्स फाइलचं रडगाणं झालं ना, एच५पी मध्ये सोर्स आणि तयार माल एकच, फाइल उतरवून घ्या, दुसऱ्या मूडलवर चढवा, परत एडिट करा, कोणाची परवानगी लागत नाही. कंप्युटरवर बसून बनवायचं असेल तर लुमी नावाचं फुकट ॲप आहे, त्यातून स्कॉर्म म्हणूनही काढता येतं.

त्रुटी पण सांगतो नाहीतर म्हणाल जाहिरात करतोय. दिसणं साधं आहे, रंगरूप बदलायचं तर सीएसएसला (वेब पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडला) हात लावावा लागतो. "याने अमुक केलं असेल तरच तमुक उघड" असली गुंतागुंत करायला गेलात तर लवकरच भिंत लागते, तिथे स्टोरीलाइनच पाहिजे. आणि साहेबांचा हात हलवणारा माणूस यात नाही.

---

पाटीपेन्सिल:

बाप रे, एवढं कोणी सांगितलंच नव्हतं, मनापासून आभार. त्या कप्प्याचं वाचून आयटीवाल्यांना लगेच मेल टाकला.

एक शंका. आयस्प्रिंगबद्दल कोणी बोललं नाही. पीपीट्या ढीगभर असल्यामुळे माझा ओढा खरं तर तिकडेच होता. आणि साहेबांना तो बोलणारा माणूस कसा नाकारू? त्यांचं म्हणणं आता एआयला पीपीटी दिली की कोर्स तयार, तुम्ही दोघं एवढा वेळ कशात घालवता.

---

बटणबहाद्दर:

आयस्प्रिंग वाईट नाहीये. पॉवरपॉइंटमध्येच एक टॅब म्हणून बसतं, क्विझ लावा, आवाज भरा, पब्लिश करा, स्कॉर्म हातात. तुमच्यासारख्यांना दोन दिवसात येईल. पण तेही विंडोजवरच, आणि पीपीटी जशी आहे तशीच कोर्समध्ये जाते. वर्गात पीपीटी चालायची कारण पुढे उभं राहून तुम्ही बोलायचात. तो बोलणारा काढला की उरतात ते अर्धवट मुद्दे, ते वाचून कोणाला काय कळणार. म्हणजे लिहायचं काम आहेच, टूल कुठलंही घ्या.

---

म्यूट केलंय:

एआय आणि अवतारांवर (म्हणजे साहेबांच्या त्या बोलणाऱ्या माणसावर) माझे चार शब्द. सिंथेशियासारख्या टूलमध्ये बोलणारा माणूस खरंच झटपट होतो आणि त्याचा एक मोठा फायदा कोणी सांगत नाही, स्क्रिप्टमध्ये वाक्य बदललं की आवाजही बदलतो, परत रेकॉर्डिंग नको. वर जुन्या फोन नंबरचा किस्सा आहे तो इथे झालाच नसता. पण नुसता आवाज मजकुरावरून काढायची सोय स्टोरीलाइन, कॅप्टिव्हेटमध्ये पण आहे, त्यासाठी माणूस दिसायलाच पाहिजे असं नाही. सुरुवातीला गंमत म्हणून बघतात, मग तो कोपऱ्यात हात हलवत बसतो आणि लोक मूळ मजकूर कुठे आहे ते शोधतात. साहेबांसाठी इंडक्शनच्या स्वागताला एक अवतार ठेवून द्या, तेही खूश तुम्हीही मोकळे, सेफ्टीत मात्र तुमचाच सुपरवायझर कॅमेऱ्यासमोर उभा करा, लोक त्याचं ऐकतात.

एआयला प्रश्न काढायला सांगितलेत तर एक तपासा: चार पर्यायांत बरोबर उत्तर नेमकं सगळ्यात लांब असतं. आमच्याकडे लोक प्रश्न न वाचता लांब पर्यायावर टिक करून पास होत होते, शेवटी सगळे पर्याय हाताने सारखे करावे लागले. आणि सेफ्टीच्या मजकुरात तर त्याने लिहिलेलं प्रत्येक वाक्य मशीनच्या मॅन्युअलशी ताडून बघा, ते अगदी ठामपणे चुकीचं लिहू शकतं.

माईक मात्र चांगला घ्या, लॅपटॉपचा आतला माईक म्हणजे पंख्याचा आवाज. स्क्रीन रेकॉर्डिंगला कॅमटेशिया चांगलं पण ओबीएस फुकट आहे आणि आवाज रेकॉर्ड करायला ऑडॅसिटीपण. व्हिडिओला सबटायटल द्या, शॉपफ्लोअरवर आवाज लावून कोण बघणार.

---

लॉगवाचक:

पाटीपेन्सिल, तुमच्या सगळ्या अटी एकत्र धरल्या (एकदाच पैसे, एक मॅक, फोन, सारख्या दुरुस्त्या, मूडल आहेच) तर मी सुरुवात एच५पी नेच करेन. इंडक्शन आणि डेटा सिक्युरिटी त्यात आरामात होईल. मशीन सेफ्टीला खरंच गुंतागुंतीचं काही लागलं तर तेवढ्यापुरतं पेड टूल मागा, आणि तेव्हा साहेबांना दाखवायला हातात तयार कोर्स असेल.

पेड टूल घ्यायची वेळ आलीच तर ट्रायल उतरवून आधी पाच स्लाइडचा एक फालतू कोर्स बनवा. त्यात एक व्हिडिओ, एक ड्रॅग अँड ड्रॉप, तीन प्रश्न, आणि देवनागरी मजकूर जोडाक्षरांसकट. पब्लिश करून तुमच्याच मूडलवर चढवा. मग मुद्दाम वाकडं वागा: मध्येच ब्राउझर बंद करा, फोनवरून परत उघडा, मुद्दाम नापास व्हा, मग पास व्हा, माऊस बाजूला ठेवून नुसत्या कीबोर्डवर पूर्ण होतो का बघा. प्रत्येक वेळी मूडलचा रिपोर्ट काय दाखवतो ते लिहून ठेवा. ॲडमिनसारखं लॉगिन करून टेस्ट करू नका, साध्या विद्यार्थ्याच्या खात्यातून करा. मूडलवर गडबड झाली तर तेच पॅकेज स्कॉर्म क्लाउड नावाच्या साइटवर चढवून बघा, टेस्टिंगसाठी फुकट खातं मिळतं. तिथे नीट चाललं तर दोष मूडलकडचा, तिथेही नाही चाललं तर पॅकेजमध्ये. आमच्यासारख्यांशी भांडायला हा पुरावा कामी येतो.

---

पाटीपेन्सिल:

मॅडमना आत्ताच मूडलवर एच५पी उघडून दिलं, त्यांनी मॅकवरून एक व्हिडिओ टाकून दोन प्रश्न लावलेपण. आता अडलंय ते असं की प्रश्न फोनवर उभ्या स्क्रीनला व्हिडिओच्या खाली न येता त्याच्यावरच येतोय आणि अर्धा दिसत नाही.

---

फुकटेश्वर:

प्रश्न टाकताना वर बटण की पोस्टर असा पर्याय असतो, पोस्टर निवडलं असेल तर तो व्हिडिओवरच चिकटतो. बटण करून बघा, मग छोटा गोल दिसतो आणि त्यावर टॅप केलं की प्रश्न वेगळा उघडतो. बटण ठेवलंत तर व्हिडिओ थांबवायची टिक पण करा, नाहीतर लोक त्या गोलाकडे बघणारसुद्धा नाहीत. आणि पर्यायांची वाक्यं छोटी करा.